पुस्तिकेतला गेको आणि पेटीतला गेको

पाळीव प्राण्यांच्या संगोपनावर जी लहान लहान चोपडी निघतात त्यांचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. पाठ्यपुस्तकांसाठी समित्या असतात, विज्ञानविषयक ग्रंथांची परीक्षणे नियतकालिकांतून येतात. प्राण्यांच्या दुकानात पेटीबरोबर फुकट मिळणारे आठ पानांचे चोपडे मात्र कोणी तपासून पाहत नाही. आणि गंमत अशी, की वाचक ज्याबरहुकूम तंतोतंत वागतो असे साहित्य बहुधा तेवढेच असते. अशाच एका पुस्तिकेचे परीक्षण येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

निमित्त घरगुती आहे. आमची एक भाची अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी एका परिषदेसाठी आम्ही तिकडे गेलो असता चार दिवस तिच्याकडे मुक्काम होता. तिच्या वर्गातील मुलांनी एक लेपर्ड गेको पाळला होता, त्याचे नाव पेबल. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्याने तो काचेच्या पेटीसकट तिच्या घरी आला होता. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, याच्याकडे जरा बघ ना. हा पूर्वीसारखा चालत नाही." प्राणी कोपऱ्यात पोट टेकून पडला होता. चालू लागला तेव्हा त्याला पोट जमिनीवरून उचलता येईना. पुढचे पाय कोपरांत बाहेरच्या बाजूस वाकले होते. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी त्याचा खालचा जबडा बोटाने हलकेच दाबून पाहिला, तर तो रबरासारखा दबला. निदान अवघड नव्हते. कॅल्शियमच्या अभावी हाडे पोखरली जाण्याचा हा विकार, म्हणजे लहान मुलांच्या मुडदुसाचा जवळचा नातलग.

भाचीला बसलेला धक्का निराळाच होता. "पुस्तिकेत लिहिलंय तस्सं सगळं केलं मी," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आम्ही पुस्तिका मागून घेतली आणि रात्री वाचून काढली. तिचे म्हणणे खरे होते. तिने एकही सूचना मोडलेली नव्हती.

पुस्तिकेकडे वळण्यापूर्वी प्राण्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. लेपर्ड गेको हा आपल्या घरातल्या पालीच्या मोठ्या गोतावळ्यातला, पण दूरच्या शाखेतला प्राणी. लांबी सुमारे २० ते २५ सेंटीमीटर, पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके. घरच्या पालीच्या डोळ्यांवर पापण्या नसतात, याला उघडमीट होणाऱ्या पापण्या असतात. पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात. याच्या बोटांना केवळ नख्या, त्यामुळे हा भिंत चढू शकत नाही, जमिनीवरच वावरतो. जाडजूड शेपटीत चरबीचा साठा असतो. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले आणि युब्लेफॅरिस मॅक्युलॅरिअस हे शास्त्रीय नाव आज रूढ आहे. पूर्व अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हे त्याचे घर. म्हणजे न्यू जर्सीतल्या वर्गात काचेमागे बसलेला हा प्राणी मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याची सख्खी भावंडे महाराष्ट्रातही आहेत. युब्लेफॅरिस फुस्कस ही जात पश्चिम भारतात आढळते, तर सातपुड्यातील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जात २०१४ साली नव्याने नोंदली गेली. विषारी समजून आपल्याकडे यांना दगड घालून मारतात. यांपैकी एकही जात विषारी नाही.

आता पुस्तिका. तिच्या पहिल्या पानावरचे पहिले वाक्य असे : "लेपर्ड गेको हा वाळवंटातील प्राणी आहे." शेजारी वाळूच्या टेकड्यांचे चित्र आहे. एवढ्या एका वाक्यातून पुढच्या दोन पानांवरील सूचना निघतात : वाळू पसरा, पेटी कोरडी ठेवा, पाणी शिंपडू नका. वस्तुतः हा प्राणी वाळूच्या टेकड्यांत राहत नाही. खडकाळ माळ, कडक माती, खुरटे गवत आणि दगडांच्या कपारी ही त्याची जागा. भर उन्हाळ्यात माळावरची हवा कितीही कोरडी असली तरी दगडाखाली हात घातला की ओलसर गारवा लागतो, हे आपल्याकडच्या माळावर फिरलेल्या कोणाही शिक्षकाला ठाऊक असेल. गेको दिवस काढतो तो त्या गारव्यात. कात टाकताना हा ओलावा त्याला अत्यावश्यक असतो. तो न मिळाल्यास कातेचे तुकडे बोटांवर तसेच राहतात, वाळून दोऱ्यासारखे आवळतात आणि बोट सुकून गळून पडते. पेबलची डाव्या पायाची दोन बोटे अशीच गेली होती. भाचीला वाटले होते, ती जन्मतःच नसावीत. ओलसर शेवाळ भरलेला, आत शिरण्यापुरते भोक असलेला एक झाकणाचा डबा पेटीत ठेवला असता तर हे टळले असते.

त्याच पानावर "कॅल्शियमयुक्त वाळू"ची जाहिरात आहे. ती खाल्ली तरी पचते, असे म्हटले आहे. वाळू साचून आतडे तुंबल्याचे रुग्ण सरीसृपांवर उपचार करणाऱ्या वैद्यांना वरचेवर पाहावे लागतात. तेव्हा यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही. एवढेच सांगू, की ज्याला कॅल्शियम कमी पडते तो प्राणी माती-वाळू मुद्दाम चाटतो. तुंबलेले आतडे पाहून केवळ वाळूला दोष देणारे लोकही निम्मेच निदान करतात.

तिसऱ्या पानावर ज्या वाक्यामुळे पेबलचे पाय वाकले ते वाक्य आहे : "हा प्राणी निशाचर असल्याने त्याला प्रकाशाची गरज नसते." या वाक्यात एक निरीक्षण आहे आणि एक निष्कर्ष. निरीक्षण ढोबळमानाने बरोबर, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. गेको प्रामुख्याने तिन्हीसांजेला आणि पहाटे हिंडतो. त्या वेळी प्रकाश मंद असतो, पण शून्य नसतो. शिवाय दिवसा कपारीत बसलेल्या प्राण्याच्या अंगाच्या एखाद्या भागावर कवडसा पडतोच.

हा कवडसा कशाला हवा, हे समजण्यासाठी ड जीवनसत्त्वाचा प्रवास आठवावा लागेल. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथील कोलेस्टेरॉलसदृश एका रेणूचे रूपांतर ड-३ जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात होते. शरीराच्या उबेने त्याचे ड-३ बनते. मग यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्यावर एकेक संस्कार होऊन ते कार्यक्षम होते आणि आतड्याला अन्नातील कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. ते नसेल तर समोर कॅल्शियमचा डोंगर ठेवूनही उपयोग नाही. रक्तातील कॅल्शियम घटू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते, कारण स्नायू आणि हृदय चालवण्यासाठी त्याची गरज तातडीची असते. पेबलच्या जबड्याचे रबर झाले ते असे.

हे सारे दिनचर प्राण्यांचे झाले, निशाचराच्या त्वचेत ही सोय असेलच कशावरून, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रयोगाने सुटणारा आहे. २०१८ साली अमेरिकेत लेपर्ड गेकोंच्या एका गटाला रोज थोडाच वेळ अतिनील दिव्याखाली ठेवले, दुसऱ्या गटाला नाही. महिनाभराने पहिल्या गटाच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण अधिक आढळले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पिल्लांच्या बाबतीतही हेच दिसले. म्हणजे त्वचेतील कारखाना शाबूत आहे आणि थोड्याशा प्रकाशावरही चालतो. मंद प्रकाशात वावरणाऱ्या प्राण्याची त्वचा थोडक्या किरणांचा अधिक चांगला उपयोग करून घेत असेल, तर त्यात नवल ते काय?

येथे पुस्तिकेची बाजूही मांडली पाहिजे. अतिनील दिव्याशिवाय, केवळ अन्नातून ड-३ ची पूड देऊन या प्राण्याच्या कित्येक पिढ्या वाढवल्या गेल्या आहेत, ही गोष्ट खरी आहे. तेव्हा दिवा नसला की प्राणी मरतोच असे म्हणणे खोटे ठरेल. पण मग पूड नेमकी किती आणि किती दिवसांनी द्यायची, याला जीवनमरणाचे महत्त्व येते. तोंडावाटे दिलेले ड जीवनसत्त्व मेदात साठते आणि जादा झाले तर अपाय करते. त्वचेत तयार होणाऱ्याला मात्र आपोआप लगाम असतो, कारण पूर्वरूप जास्त झाले की तेच किरण त्याचे निरुपद्रवी पदार्थांत विघटन करतात. पुस्तिकेने दिवा काढून टाकला आणि पुडीबद्दल लिहिले, "अधूनमधून कॅल्शियम भुरभुरावे." त्या पुडीत ड-३ असावे की नसावे याचा उल्लेखच नाही. भाचीने आणलेल्या डब्यावरचा मजकूर आम्ही वाचला : शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, बाकी काही नाही. पेटी खिडकीशी होती आणि सकाळचे ऊन आत येत होते, हे तिने आम्हांला मोठ्या आशेने सांगितले. पण साधी काच नेमके हेच अतिनील किरण अडवते. उजेड आत आला आणि ज्यासाठी उजेड हवा होता ते बाहेर राहिले.

अन्नाविषयीचे पान त्या मानाने बरे आहे. जिवंत कीटक द्यावेत, दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा किडा देऊ नये, पाण्याची वाटी नेहमी भरलेली असावी, हे सगळे ठीक. उणीव अशी, की विकत मिळणारे रातकिडे आणि पिठातल्या अळ्या यांच्या अंगी कॅल्शियम अगदी कमी असते आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट. प्राण्याला तर कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा दीड-दोन पट हवे असते. म्हणून कीटकांना आधी एक-दोन दिवस सकस, कॅल्शियमयुक्त खाद्य द्यायचे आणि मग ते गेकोला द्यायचे, अशी रीत आहे. किड्याचे पोट हेच गेकोचे ताट! वरून भुरभुरलेली पूड रातकिडा काही तासांत अंग साफ करून झटकून टाकतो, त्यामुळे रात्रभर पेटीत मोकळे सोडलेले किडे पहाटे खाल्ले गेले तर पूड कामी आली नाही असे समजावे. अ जीवनसत्त्वाचा प्रश्नही येथेच येतो. ते कमी पडल्यास डोळे सुजतात, पापण्यांखाली मळ साठतो. ते थेट द्यावे की गाजरातल्या कॅरोटीनपासून हा प्राणी स्वतः बनवू शकतो, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. पुस्तिका मात्र "गाजर पुरेसे" असे ठणकावून सांगते.

पाचव्या पानावर उष्णता. "पचनासाठी पोटाला खालून ऊब हवी, म्हणून पेटीखाली विजेची गादी लावावी. तापमापक काचेला चिकटवावा." त्यापुढे एक तापमान दिले आहे, २९ अंश सेल्सिअसच्या जवळपास. सरडे-पाली स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाहीत, ती बाहेरून घेतात, हे शाळेतली मुलेही जाणतात. गेको संध्याकाळी तापलेल्या दगडाला पोट लावून बसतो, तेव्हा खालच्या उबेची कल्पना अगदीच निराधार नाही. पण पोटाला ऊब हवी म्हणून पचन होते, हे उलट सांगणे झाले. रक्त सर्व अंगभर फिरते. पचन अवलंबून असते ते शरीराच्या तापमानावर, ऊब पोटाला लागली की पाठीला यावर नव्हे.

त्याहून महत्त्वाची चूक तापमापकाची. भाचीचा तापमापक काचेवर वीतभर उंचीवर होता आणि इमानाने २८ अंश दाखवीत होता. आम्ही दुसरा एक तापमापक गादीच्या वर, जमिनीवर ठेवला. पारा ४१ पर्यंत गेला. दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या बाजूस, तो ३३ च्या खाली उतरेना. गेको हवेत वीतभर उंचीवर तरंगत नसतो, जमिनीवर असतो! भाचीने कपाळावर हात मारला. "मुलांना मापन शिकवताना तापमापक कुठे धरायचा हे मी दरवर्षी सांगते," ती म्हणाली.

पेटीचे आकारमानही येथेच तपासावे लागते. पुस्तिका म्हणते, दहा गॅलनची पेटी एका प्राण्याला पुरे, कारण "हा फारसा हिंडत नाही". दहा गॅलन म्हणजे सुमारे ३८ लिटर. तळ साधारण ५० सेंटीमीटर लांब आणि २५ रुंद. प्रश्न हिंडण्याचा नंतर येतो, आधी उष्णतेचा. एका टोकाला ३२-३४ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ अंश असा उतार मिळाला, तर प्राणी हवे तेव्हा तापतो आणि हवे तेव्हा निवतो. हे येणे-जाणे हाच त्याचा शरीर-तापमान राखण्याचा मार्ग. अर्ध्या मीटरच्या बंद काचपेटीत असा उतार टिकतच नाही, सारी पेटी एकसारखी तापते. अशा पेटीत प्राण्याला कोठेही बसवा, तो एकाच तापमानात बसलेला असतो. मग तो हिंडत नाही यात आश्चर्य कसले? जायला जागाच नसलेल्या प्राण्याच्या आळसाची नोंद करायची आणि त्या नोंदीवरून त्याला जागा नको असे ठरवायचे, असा हा वर्तुळाकार युक्तिवाद आहे. २०१६ साली एका अभ्यासात लेपर्ड गेकोंच्या पेट्यांत पाच प्रकारचे वैविध्य आणून त्यांचे वर्तन पाहिले गेले : उष्णतेचे, अन्न शोधण्याचे, वासाचे, वस्तूंचे आणि दृश्याचे. प्राण्यांनी त्यांना प्रतिसाद दिला; उष्णता आणि अन्न यांतील वैविध्याला विशेष. दगडासारखा पडून राहणारा प्राणी ही त्याची प्रकृती नव्हे.

सहाव्या पानावर निरोगी प्राण्याची खूण दिली आहे : जाड शेपटी. खूण उपयोगी आहे, पण एकतर्फी. शेपटी बारीक होत जाणे हे निश्चितपणे वाईट लक्षण. क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातील परजीवीची लागण झाली की शेपटी काडीसारखी होते. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि म्हणून नवा प्राणी जुन्यांपासून काही काळ वेगळा ठेवणे आवश्यक असते. पण शेपटी जाड आहे म्हणून प्राणी निरोगी, हा व्यत्यास खरा नाही. पेबलची शेपटी छान गुबगुबीत होती. मेदाचा साठा भरपूर आणि हाडे पोखरलेली, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. तर्कशास्त्रातील विधान आणि त्याचा व्यत्यास यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

शेवटची दोन पाने रंगीत आहेत. पांढरे, नारिंगी, लिंबासारखे पिवळे, लाल डोळ्यांचे गेको, प्रत्येकाला आकर्षक नाव आणि बहुधा आकर्षक किंमत. यांतले काही प्रकार आनुवंशिकी शिकवायला फार सुंदर आहेत. उदाहरणार्थ, काळे रंगद्रव्य नसलेले तीन स्वतंत्र वंश या जातीत आहेत. दोन वेगळ्या वंशांच्या अशा जोडीला होणारी पिल्ले चक्क सर्वसाधारण रंगाची निपजतात, कारण दोघांतले दोष वेगवेगळ्या जनुकांत असतात. पण त्या रंगीत पानांवर न लिहिलेले बरेच काही आहे. या वर्णहीन प्राण्यांना प्रखर उजेड सोसत नाही. 'एनिग्मा' नावाच्या प्रकारात चेतासंस्थेचा विकार रंगाबरोबरच येतो : प्राणी गोल गोल फिरतो, मान वाकडी करून वर पाहत राहतो, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. 'लेमन फ्रॉस्ट' हा प्रकार २०१५ च्या सुमारास अमेरिकेत एका पैदासकाराकडे उद्भवला. त्याच्या चमकदार रंगाला जबाबदार असलेल्या बदलामुळे पांढऱ्या रंगपेशींच्या गाठी होतात. असे बदललेले जनुक असणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांना त्या झाल्याचे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली नमूद केले. संशयित जनुक स्पिंट-१ हे माणसातही कर्करोगाच्या संदर्भात अभ्यासले जाते. अशा प्राण्याला कितीही चांगले खाऊ घातले, कितीही मोठी पेटी दिली, तरी आजार त्याने अंड्यातूनच आणलेला असतो. संगोपनाच्या पुस्तिकेने आरोग्याविषयी आणखी काही सांगितले नाही तरी चालेल, एवढे तरी सांगायला हवे होते.

इतक्या चुका एका आठ पानी चोपड्यात कशा जमल्या? लिहिणारा अडाणी होता असे आम्हांला वाटत नाही. मजकुराचा मागोवा घेतला तर असे दिसते, की यातील बहुतेक सूचना पैदासकारांच्या अनुभवातून आल्या आहेत. फिलिप द व्होजोली यांच्यासारख्या अनुभवी लेखकांनी १९९० च्या दशकात हौशी लोकांचे ज्ञान पुस्तकरूपाने मांडले आणि ते मोठे काम होते. पण पैदासकाराच्या खोलीत शेकडो प्राणी खणाखणांच्या मांडणीत, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये राहतात. तेथे उष्णतेची तार, ड-३ ची मोजलेली पूड आणि रोजची अनुभवी नजर असते. तेथे यश मोजले जाते ते अंड्यांवर. त्या व्यवस्थेत "दिव्याची गरज नाही" हे विधान खरे असू शकते. ते तेथून उचलून, बाकीची सारी चौकट मागे ठेवून, एका वर्गातल्या काचपेटीला लावले की खोटे होते. प्रत्येक नकलेत एकेक अट गळत गेली आणि उरले ते नियम.

आम्ही संशोधक यातून सुटतो असेही नाही. लेपर्ड गेको हा प्रयोगशाळांचा आवडता प्राणी आहे. तुटलेली शेपटी तो पुन्हा वाढवतो, मात्र नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेचा सलग दांडा असतो. त्याचे लिंग अंडे उबवण्याच्या तापमानावर ठरते : २६ अंशांना माद्या, ३२.५ च्या आसपास बहुतांशी नर, ३४ ला पुन्हा बहुतांशी माद्या. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूझ यांच्या गटाने तर उबवण्याच्या तापमानाचा परिणाम मोठेपणीच्या वागणुकीवरही होतो असे दाखवले. जास्त तापमानातून आलेल्या माद्या अधिक भांडखोर निघाल्या. पुस्तिकेतील "स्वभावाने शांत" हे विशेषण कोणत्या अंड्यातून आलेल्या प्राण्याविषयी आहे, हे विचारायला हवे! पण या सर्व प्रयोगांना हवे असतात ते एकसारख्या परिस्थितीत वाढलेले प्राणी. एकसारखी परिस्थिती म्हणजे चांगली परिस्थिती, अशी गल्लत आमच्याकडूनही होते. रानातल्या गेकोविषयी, तो रोज किती चालतो, काय काय खातो, किती ऊन घेतो याविषयी जे प्रसिद्ध झाले आहे ते पेटीतल्या गेकोविषयीच्या लिखाणाच्या तुलनेत अगदी थोडे आहे. पंजाबातल्या आणि राजस्थानातल्या माळांवर बसून ते काम कोणी करायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी मोकळा आहे. सातपुड्यातल्या भावंडाविषयी तर अधिकच. ते काम अर्थातच माळावर बसून करायचे. प्राणी पकडून वर्गात आणायचा नाही.

पेबलची पुढची हकिकत सांगून थांबतो. वैद्यांनी कॅल्शियम आणि ड-३ चे औषध सुरू केले. भाचीने मीटरभर लांबीची पेटी, गादीसाठी तापनियंत्रक, सपाट दगड, शेवाळाचा डबा आणि कमी शक्तीचा अतिनील दिवा आणला. दिव्याच्या एका बाजूला दाट सावली ठेवली, म्हणजे घ्यायचे की नाही ते प्राणी ठरवील. दिवा डोळ्यांना तसाच दिसत राहिला तरी त्यातील अतिनील किरण काही महिन्यांत घटतात, हे दुकानात कोणी सांगितले नव्हते. आता पेटीवर दिवा बदलण्याची तारीख लिहिलेली आहे. शाळा सुरू झाल्यावर मुलांनी तीन ठिकाणची तापमाने आणि आठवड्याचे वजन लिहायला सुरुवात केली. साडेसहाच्या सुमारास पेबल दगडावर येऊन बसतो, असे त्यांच्या वहीत दिसते. जबडा टणक झाला आहे. चालताना पोट उचलले जाते. पुढचे पाय वाकडे ते वाकडेच राहिले, आणि राहतील.

त्याच मुलांनी पुस्तिकेतील एकेक वाक्य भिंतीवरच्या मोठ्या कागदावर उतरवून त्यासमोर दोन रकाने आखले : 'कोण म्हणते' आणि 'कशावरून'. भाचीने अलीकडे त्याचे छायाचित्र पाठवले. पहिला रकाना पूर्ण भरला आहे. दुसऱ्यात बऱ्याच ओळी भरल्या आहेत, काहींवर काट मारलेली आहे. गाजराच्या ओळीपुढे त्यांनी जागा कोरी ठेवली आहे.